आधी गाव, मग अस्वल: बॅफिन बेट आणि ग्रीनलंडची जहाजसफर कशी आखायची

आर्क्टिकला जाऊन आले म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न हमखास विचारतो, "पांढरं अस्वल दिसलं का?" दिसलं. लांबून, दुर्बिणीतून, पिवळट ठिपक्याएवढं, जेमतेम चार मिनिटं. मग धुकं आलं.

त्या सफरीतलं मला लख्ख आठवतं ते वेगळंच. कॅनडातल्या बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाला पाँड इनलेट नावाचं गाव आहे. तिथल्या सभागृहात एक आजी जमिनीवर बसून कुल्लिक पेटवत होत्या. कुल्लिक म्हणजे मऊ दगडातून कोरलेला अर्धचंद्राकृती दिवा, त्यात सीलचं तेल. वात असते शेवाळाची आणि टुंड्रावर उगवणाऱ्या कापसासारख्या गवताच्या बोंडांची. दोन्ही चोळून बारीक केलेलं. दिव्याच्या सरळ काठावर आजींनी ते चिमटीचिमटीनं ओळीत मांडलं, एका टोकाला ज्योत लावली आणि काडीनं वात सारत सारत दुसऱ्या टोकापर्यंत नेली. मध्येच काजळी धरली, तेवढी काडीनंच झटकली. आमच्या घरी आई समईची वात सारायची ती अगदी अशीच, चेहऱ्यावर तोच किंचित वैताग.

म्हणून आता कुणी सल्ला विचारला की मी सांगते, आधी गावं निवडा, मग जहाज, आणि अस्वल शेवटी. अस्वल कुणाच्या हातात नसतं. गाव निदान आपल्या जागी असतं, आणि तिथे जाण्याची तयारी घरबसल्या करता येते.

कुठला आर्क्टिक?

सर्वांत मोठी गफलत इथेच होते. आर्क्टिकच्या जाहिरातींत बहुतेक वेळा स्वालबार्ड असतं. नॉर्वेची ही बेटं सुंदर आहेत, तिथे अस्वलंही आहेत, पण इनुइट, म्हणजे कॅनडा-ग्रीनलंडच्या आर्क्टिकमधले मूळ लोक, नाहीत. तिथे मूळ रहिवासी असा समाज कधी नव्हताच. (आपल्या देशाचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून तिथे न्यू-ऑलेसुंडला आहे आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेतून चालतो. स्वालबार्डला गेलात तर तेवढं अभिमानानं बघून या.)

इनुइटांना भेटायचं तर जायचं कॅनडाच्या नुनावुतमध्ये किंवा ग्रीनलंडमध्ये. नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला, राजधानी इकालुइट. ग्रीनलंडला १९७९ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळालं आणि २००९ मध्ये अधिकार आणखी वाढले, राजधानी नूक. मध्ये डेव्हिस सामुद्रधुनी आणि बॅफिन उपसागर. दोन्हीकडचे लोक एकाच मुळाचे. साधारण हजारेक वर्षांपूर्वी पूर्वेकडे सरकत आलेल्या थुले संस्कृतीच्या लोकांचे ते वंशज. भाषाही सख्ख्या बहिणी.

जहाजांचे मार्ग ढोबळमानानं तीन. एक, फक्त पश्चिम ग्रीनलंड: सिसिमिउट, इलुलिसाट, उम्मनाक. सोपा, गावं भरपूर, हिमनग तर विचारूच नका. इलुलिसाटची हिमखाडी २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दुसरा, ग्रीनलंड आणि बॅफिन मिळून. तिसरा, वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या बेटांच्या चक्रव्यूहातून पश्चिमेकडे. हा इतिहासवेड्यांचा मार्ग. १८४५ मध्ये निघालेली ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनची १२९ माणसांची मोहीम इथेच गडप झाली, आणि पुढे १९०३ ते १९०६ मध्ये नॉर्वेच्या आमुंडसेननं तो पार केला तो वाटेत दोन हिवाळे इनुइटांच्या शेजारी राहून, त्यांच्याकडून कातडी कपडे आणि कुत्र्यांची गाडी शिकून.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं डोळे मिटून दुसरा मार्ग घ्यावा. एकाच लोकांची दोन देशांतली दोन रूपं बघायला मिळतात, आणि ती तुलनाच मोठी मेजवानी असते.

कधी?

मोसम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिने. जुलैत मध्यरात्रीचा सूर्य असतो, टुंड्रावर फुलं असतात आणि ग्रीनलंडच्या आतल्या भागात डास असतात. डास म्हणजे कोकणातल्या पावसाळ्याला लाजवतील असे. टोपीवरून घालायची जाळी न्याच. ऑगस्टमध्ये बॅफिनच्या उत्तरेचा बर्फ बराच मोकळा होतो. सप्टेंबरमध्ये टुंड्रा लालभडक होते, रात्र परत येते आणि आभाळ मोकळं असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. मला विचाराल तर ऑगस्टचा मध्य.

जहाज निवडताना काय विचारायचं

मोहिमेचं जहाज म्हणजे क्रूझ नव्हे. शंभर ते दोनशे प्रवासी, सोबत झोडियाक म्हणजे हवा भरलेल्या रबरी होड्या, आणि धक्का नसलेल्या किनाऱ्यावर उतरणं. हजार माणसांचं जहाज गावासमोर उभं राहिलं तर काय होतं, त्याचा विचार करा. पाँड इनलेटची वस्तीच दीड हजाराच्या आसपास आहे.

एजंट केबिनचे फोटो दाखवेल. ते बाजूला ठेवा आणि पुढचे प्रश्न मेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल. मार्गदर्शकांच्या चमूत इनुइट किती आणि ते नुसते गाणी म्हणायला आहेत की व्याख्यानं देतात, झोडियाक चालवतात? कोणत्या गावांत उतरणार, आणि गावाला त्याचे पैसे कसे मिळतात? जहाज २००३ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक मोहीम-जहाज चालकांच्या संघटनेचं, म्हणजे 'एको'चं, सदस्य आहे का? सगळे प्रवासी एकाच वेळी किनाऱ्यावर जातात की निम्मे जहाजावर ताटकळतात? पहिल्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं तर मी पुढे बोलतच नाही.

सुरक्षेचंही विचारा. ध्रुवीय जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली २०१७ पासून लागू आहे, पण या समुद्राच्या तळाचे नकाशे अजून अपुरे आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये कुगारुक गावाजवळ एक मोहीम-जहाज खडकावर चढलं होतं. माणसं वाचली, कारण त्याच्याच जोडीचं दुसरं जहाज मदतीला येऊ शकलं. म्हणून वैद्यकीय विमा घेताना दुर्गम भागातून हवाई मार्गानं बाहेर काढण्याचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून घ्या. बहुतेक कंपन्या त्याशिवाय चढूच देत नाहीत.

खर्चाबद्दल आडवळण नको: बारा-पंधरा दिवसांची ही सफर माणशी दहा हजार अमेरिकी डॉलरच्या खाली क्वचितच मिळते, विमानभाडं वेगळं.

व्हिसा: इथे पाय घसरतो

ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, नाही. म्हणजे फ्रान्स किंवा जर्मनीचा शेंगेन व्हिसा पासपोर्टवर असला तरी ग्रीनलंडला तो चालत नाही. अर्ज डेन्मार्ककडेच करायचा आणि व्हिसावर 'ग्रीनलंडसाठी वैध' असा शेरा मागून घ्यायचा. कोपनहेगनवरून जाऊन कोपनहेगनवरूनच परतणार असाल तर मध्ये तुम्ही शेंगेनबाहेर पडता, म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसाही लागतो. सफर टोरांटोहून सुरू होऊन कॅनडातच संपत असेल तर कॅनडाचा व्हिसाही अनेक प्रवेशांचा हवा.

आमच्या सफरीतल्या एका नागपूरच्या काकांचा व्हिसा त्यांच्या एजंटनं काढून दिला होता. शेरा नव्हता. निघायच्या तीन आठवडे आधी ते काकूंच्या लक्षात आलं, आणि मग जी धावपळ झाली तिचं वर्णन काका पुढचे बारा दिवस रोज जेवणाच्या टेबलावर करत होते. पासपोर्ट हातात पडला की शेरा स्वतः वाचा.

प्रवासात दोन दिवस हातचे राखा. उत्तरेची विमानं धुक्यामुळे खोळंबतात आणि जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. नूकची मोठी धावपट्टी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, तरी पुष्कळ सफरी अजूनही कांगरलुसुआक या जुन्या अमेरिकी तळावरून चढवतात.

सामान

उन्हाळ्यात तिथे शून्य ते दहा अंश असतं. ऐकायला मनालीसारखं वाटतं. पण झोडियाकमध्ये वारा तोंडावर येतो आणि खारं पाणी मांडीवर उडतं, तेव्हा मनाली विसरा. जाड कोटापेक्षा महत्त्वाची आहे ती पूर्ण पाणीरोधक पँट. पुष्कळ जहाजं कोट देतात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट उसने देतात, पण पँट तुमची तुम्हालाच न्यावी लागते. आत अंगालगत लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस. जीन्स अजिबात नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक नक्की भिजतो.

दुर्बीण प्रत्येकाची वेगळी, ८×४२ पुरेशी. नवराबायकोत एक दुर्बीण म्हणजे भांडणाला आमंत्रण. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या गारठ्यात लवकर उतरतात, जादाची खिशात अंगाजवळ ठेवा. मध्यरात्रीच्या सूर्यासाठी डोळ्यांवरची पट्टी. मळमळीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, आणि त्या डेव्हिस सामुद्रधुनी सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, जहाजावर सोय नीट होते. मेतकूट-चटणी जहाजावरच ठेवा, किनाऱ्यावर खाण्याचे पदार्थ नेत नाहीत.

जहाजावरचा दिवस

पहिल्या दिवशी सर्वांच्या कपड्यांची तपासणी होते. वेल्क्रोत अडकलेलं गवताचं कुसळ, बुटाच्या खाचेतली माती, सगळं टोकरून काढायचं, परकं बी टुंड्रावर जाऊ नये म्हणून. नंतर झोडियाकचा धडा. चढता-उतरताना हात मिळवायचा नाही, मनगटाच्या वर एकमेकांचा हात धरायचा, म्हणजे मोजा निसटला तरी माणूस निसटत नाही. दोन्ही हात मोकळे, कॅमेरा पिशवीत. आधी होडीच्या फुगीर कडेवर पाय, मग आतली पायरी, मग तळ, आणि लगेच बसून सरकायचं.

रोज संध्याकाळी उद्याचा बेत सांगतात. तो बेत म्हणजे इच्छा समजा. आमच्या चौदा दिवसांत छापील वेळापत्रकाप्रमाणे पाच दिवस गेले. बर्फ आला, वारा फिरला, किनाऱ्यावर अस्वल दिसलं की उतरणं रद्द. होय, अस्वल दिसलं की रद्द. बंदूकधारी पहारेकरी आधी किनारा तपासतात आणि अस्वल असेल तर माणसांनी तिथे जायचं नसतं.

प्राणी: काय दिसेल, काय नाही

नारव्हाल या आर्क्टिकमधल्या देवमाशाचं खरं सांगून टाकते, कारण जाहिरात सांगत नाही. तो लांब पिळदार शिंगासारखा दिसणारा अवयव शिंग नसून दात आहे, नराच्या वरच्या ओठातून डाव्या बाजूनं बाहेर आलेला. तो बघायला सगळे जातात. पण हा प्राणी जहाजाच्या आवाजाला बुजतो. दिसलाच तर राखाडी पाठ दिसेल, एक उच्छ्वास, संपलं. दात बघायचा तर मे-जूनमध्ये पाँड इनलेटहून बर्फाच्या कडेवर तंबू टाकून राहायला हवं, स्थानिक शिकाऱ्यांच्या सोबतीनं. ती सफर वेगळी.

बोहेड देवमाशांची संधी बरी. दोनशेहून अधिक वर्षं जगू शकणारा हा प्राणी बॅफिनच्या पूर्व किनाऱ्यावर, क्लाइड रिव्हर गावाजवळच्या इझाबेला खाडीत उन्हाळ्याच्या शेवटी जमतो. त्याचा फवारा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन फाट्यांचा असतो. वॉलरस बर्फाच्या तुकड्यावर ढीग करून लोळत असतात आणि डोळ्यांआधी नाकाला कळतात. कस्तुरी बैल बघायचे तर कांगरलुसुआकजवळच्या टेकड्यांवर. त्यांच्या आतल्या लोकरीला किव्हिउट म्हणतात, तिचा मफलर खिसा रिकामा करतो.

मला सर्वांत जास्त गुंतवलं ते पक्ष्यांनी. बॅफिनच्या उत्तरेला लँकेस्टर सामुद्रधुनीत प्रिन्स लिओपोल्ड नावाचं बेट आहे, सगळे कडे उभे. त्यावर मर नावाचे काळे-पांढरे पक्षी दाटीवाटीनं बसतात. (नावाला हसू नका, तो वीस-पंचवीस वर्षं जगतो. इनुइट त्याला अक्पा म्हणतात, तेच म्हणा.) ऑगस्टमध्ये पिल्लं तीन आठवड्यांची झाली की पंख नीट फुटायच्या आधीच कड्यावरून समुद्रात उडी मारतात. खाली बाप वाट बघत असतो आणि मग दोघं पोहत दक्षिणेला निघतात. आमच्या झोडियाकसमोर एक पिल्लू पडलं, पाण्यावर आपटलं, दोनदा बुडालं आणि चिवचिवाट करत वर आलं. होडीतली बारा माणसं टाळ्या वाजवत होती. चालकानं इंजिन बंद करून ठेवलं, बापलेक लांब जाईपर्यंत.

या सामुद्रधुनीचं इनुक्टिटुट, म्हणजे तिथल्या इनुइटांच्या भाषेतलं, नाव तल्लुरुतिउप इमांगा. उत्तरेकडच्या डेव्हन बेटाच्या कड्यांवर उभ्या रेघा आहेत, त्या बायकांच्या हनुवटीवरच्या गोंदणासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. ज्यांच्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं त्यांना वेगळं समजावायला नको. २०१९ मध्ये हा समुद्र संरक्षित करण्याचा करार झाला तोही याच नावानं.

गावात उतरल्यावर

शब्द आधी नीट करून घ्या. 'एस्किमो' म्हणायचं नाही. एक माणूस असेल तर इनुक, अनेक असतील तर इनुइट. धन्यवादाला नुनावुतमध्ये 'कुयान्नामीक', ग्रीनलंडमध्ये 'कुयानाक'. आणि तोंडाकडे बघायला शिका. भुवया उंचावल्या की हो, नाक मुरडलं की नाही. मी एका मुलीला तीन वेळा एकच प्रश्न विचारला. ती तीनदा भुवया उंचावून हो म्हणाली होती, मला वाटलं तिला कळलंच नाही.

सभागृहात बहुधा कार्यक्रम असतो. कंठगायनात दोन बायका समोरासमोर उभ्या राहून श्वासांचे आवाज एकमेकींवर फेकतात, आधी हसेल ती हरली. अमाउती बघा, पाठीशी बाळ ठेवायला मोठी टोपी असलेला आईचा कोट. उलू बघा, बायकांची अर्धगोल सुरी. ती हातात धरल्यावर विळीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

खाऊ समोर येईल: वाळवलेला 'आर्क्टिक चार' नावाचा मासा, कॅरिबू म्हणजे तिथल्या रेनडिअरचं मांस, कधी मत्ताक, म्हणजे नारव्हालची कातडी चरबीसकट, कच्ची. झाडं नसलेल्या प्रदेशात क जीवनसत्त्व मिळायचं ते यातून. खाणार असाल तर एक तुकडा घ्या, चव खोबऱ्यासारखी सुरू होते आणि मग बराच वेळ चघळत बसावं लागतं. खाणार नसाल तर हसून मान हलवा. फक्त नाक दाबू नका. आपल्याकडे कुणी बोंबलाच्या वासाला नाक दाबलं की कसं वाटतं ते आठवा.

शिकारीवर प्रवचन तर नकोच. सीलच्या कातड्यांवर युरोपात मोहिमा झाल्या, २००९ मध्ये बंदी आली. इनुइटांना त्यातून सूट होती, पण बाजारच कोसळला आणि त्याचा फटका याच घरांना बसला. हा विषय काढलात तर उत्तर ऐकायला बसा.

इतिहासही थोडा वाचून जा. १९५३ मध्ये कॅनडा सरकारनं क्वेबेकच्या उत्तरेतल्या इनुक्जुआकच्या कुटुंबांना उचलून दोन हजार किलोमीटर उत्तरेला रेझोल्यूट आणि ग्रिज फिओर्डला नेऊन सोडलं, पाँड इनलेटची काही कुटुंबं मदतीला दिली. माफी २०१० मध्ये मागितली. रेझोल्यूट किंवा ग्रिज फिओर्डला जहाज थांबलं तर "इथे का राहता?" हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये.

फोटो विचारून काढा, मुलांचे तर आईला विचारून. ग्रीनलंडमध्ये उत्तरेकडच्या गावांत साखळीला बांधलेले गाडीचे कुत्रे असतात. ते कामाचे आहेत, पाळीव नव्हेत. जवळ जाऊ नका, मोकळं फिरणारं पिल्लू गोड असलं तरी त्याची आई बघत असते. जुन्या घरांचे दगड, देवमाशाची हाडं, थडगी यांना हात लावायचा नाही. आणि आठवण म्हणून दगडावर दगड रचायचा नाही: असा रचलेला दगडांचा इनुक्शुक हा वाटेचा, शिकारीचा निरोप असतो, तुमचा खोटा निरोप कुणाला तरी चुकवू शकतो. या लोकांचे निरोप किती नेमके असतात ते फ्रँकलिनच्या जहाजांनी दाखवलं. इनुइट पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते की जहाजं कुठे बुडाली. ती २०१४ आणि २०१६ मध्ये सापडली, त्यांनी सांगितलेल्या दिशेलाच. दुसरं तर एका इनुइट शिकाऱ्यानं आठवणीतून सांगितल्यावर.

दुकानात जरूर डोकवा, फळांचे भाव बघून तोंडात बोट घालाल. जड माल उन्हाळ्यात जहाजानं येतो, बाकी विमानानं. पण शंभर जणांनी चॉकलेटं आणि बिस्किटं उचलली तर गावाला उरत नाहीत, म्हणून तिथे फक्त बघा. पैसे कलाकाराकडे खर्च करा. कॅनडाचे डॉलर आणि डॅनिश क्रोन रोख ठेवा, कार्डाचं यंत्र चालेलच असं नाही. काही गावांत दारूवर बंदी किंवा निर्बंध आहेत, जहाजावरून बाटली घेऊन उतरू नका.

विकत घेताना कायदा बघा. नारव्हालचा आणि वॉलरसचा दात, देवमाशाचं हाड, अस्वलाचं कातडं यांना आंतरराष्ट्रीय परवाने लागतात. आपल्या विमानतळावर ते प्रकरण अंगाशी येईल. सीलच्या कातड्याची वस्तू घेऊन अमेरिकेमार्गे परतत असाल तर तिथे ती जप्त होते. दगडी शिल्पं आणि छापचित्रं निर्धास्त घ्या. कॅनडात अस्सल इनुइट कामावर इग्लूचं चित्र असलेला टॅग असतो, १९५८ पासून चालत आलेला. किंगाइट गावात १९५९ पासून सहकारी संस्थेतून छापचित्रं निघतात. चित्रकर्ती केनोजुआक अशेवाक यांचं घुबड याच गावचं, ते १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं.

शेवटची सूचना फुटकळ वाटेल, पण मी ती भोगली आहे. चित्र गुंडाळून न्यायला पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची नळी, झाकणासकट, मुंबई-पुण्याहूनच न्या. माझं चित्र मी रबरी बुटात खोचून आणलं. घुबडाच्या एका पंखावर अजून घडी आहे.